नाल्यापाशी थांबलेली तार

"दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या," असा फोन आला तेव्हा मी एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवा बसून तारेला शिव्या देत होतो. फोनवरच्या बाईंना वाटलं, शिव्या त्यांनाच आहेत. त्यांची समजूत काढता काढता लेखाला हो म्हणून बसलो. पण आधीच सांगून ठेवतो. गमती भरपूर आहेत, फक्त त्या सांगताना माझं डोकं तापतं. हिवाळ्यात मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करतो. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत निजलेलं पोर रडत उठेल असा आवाज मला मिळाला आहे. तेव्हा हा लेख जरा लांब धरूनच वाचा.

बाकीचे महिने मी झटका मशीन बसवतो. मूलला घर, घराच्या पुढच्या खोलीत दुकान, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकाठची गावं माझं गिऱ्हाईक. ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेताभोवती खांब रोवायचे, त्यांवर उघड्या तारा ओढायच्या, आणि डब्याएवढं हे मशीन त्या तारांत थांबून थांबून वीज सोडतं. टक्. टक्. टक्. रानडुक्कर येतं, नाकाने तार हुंगतं, ओल्या नाकावर सणसणीत बसते आणि ते किंचाळत मागे पळतं. मरत मात्र नाही. दोन टक्-च्या मधे वीज नसते, तेवढ्यात त्याला सुटता येतं. सगळी हुशारी त्या मधल्या सवडीत आहे.

आमच्याकडचे काही शहाणे मशीनच्या भानगडीत न पडता घरची लाईन सरळ तारेला जोडतात. त्या विजेला सवड माहीत नाही. ती धरते ती सोडतच नाही. तिने डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे आपल्याच वावराकडे निघालेला माणूसही मरतो. मी दुकानात पाटी लावून ठेवली आहे : डायरेक्ट लाईनचं नाव काढणाऱ्याला इथे चहा मिळणार नाही.

आता आमच्या धंद्याचं मर्म. वीज मशीनमधून निघते, तारेतून डुकराच्या नाकात जाते, त्याच्या पायांतून जमिनीत, आणि जमिनीतून परत मशीनकडे येते. ती परत यावी म्हणून मशीनशेजारी एक लांब लोखंडी रॉड खोल ठोकायचा असतो. त्याला अर्थिंग म्हणतात. फेरा पूर्ण झाला तर झटका. कुठेही कच्चा राहिला तर तुम्ही शेताला कपडे वाळवायची दोरी बांधली आहे, एवढंच.

सिंदेवाहीकडचे गोविंदाभाऊ असेच एकदा दुकानात आले. मशीन त्यांनी माझ्याकडून नेऊन स्वतःच बसवलं होतं. तक्रार मशीनची.

"मशीन थकलं जी तुमचं. डुकरं तार ओलांडून राह्यली, पोटभर हरभरा खाऊन राह्यली."

गेलो. मशीन ठणठणीत, तारा ताठ. रॉड हलवला तर मुळ्यासारखा वर आला. हातभरच होता.

"गोविंदाभाऊ, बाकीचा रॉड कुठी गेला?"

गोविंदाभाऊंनी मोठ्या कौतुकाने गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचा बैल बांधलेला होता, माझ्या रॉडला.

"जमीन भल्ली कडक होती जी. अर्धाच गेला. उरलेला काऊन वाया घालवाचा? खुंटा केला. पावसाळाभर त चांगलं चाललं न तुमचं मशीन!"

चालणारच. पावसाळ्यात माती ओली असते, वीज कशीही परत येते. हिवाळ्यात वरची माती सुकली आणि झटका अर्धा झाला. इथवर गंमत आहे. पुढे नाही. अर्धा झटका बसलेलं डुक्कर घाबरत नाही, शिकतं. थोडं झोंबतं आणि मग हरभरा मिळतो, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मी नवा रॉड पुरा ठोकला, झटका पूर्ण केला, तरी ती डुकरं मागे पळेनात. डोळे मिटून पुढेच घुसायची, तारा घेऊन. डॉक्टर सांगतात ना, की बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका, उरलेले जंतू शिरजोर होतात? तेच. गोविंदाभाऊंनी काहीच केलं नसतं तर त्या डुकरांना तारेचा धाक घालता आला असता. अर्धं केलं म्हणून तो गेला. पुढची दोन-तीन वर्षं त्या शिवारात तारेचं काही चाललं नाही, आणि शिव्या खाल्ल्या मी.

अर्धी भाकर खाल्ली तर अर्धं पोट भरतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सगळ्याच गोष्टी भाकरीसारख्या नसतात, हे या देशात कोणी कोणाला सांगत का नाही? भामरागडकडे कामाला गेलो होतो तेव्हा वाटेत एक पूल लागला. बरोबरचा माणूस म्हणाला, मजबूत आहे, फक्त पावसाळ्यात पाण्याखाली असतो. अरे, पावसाळा सोडला तर ती नदी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओलांडतो! मला पूल पाहिजे तो पावसाळ्यातच! शाळेत गणिताचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळायचे. मी त्यांच्याच जोरावर दहावी झालो, त्यामुळे पायऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मोठमोठी माणसं जन्मभर पायऱ्यांचेच मार्क गोळा करत फिरतात आणि उत्तर कोणी तपासत नाही, हे पाहिलं की माझ्यातला खलनायक जागा होतो. डुक्कर पायऱ्यांचे मार्क देत नसतं.

आता ज्यासाठी पेन हातात घेतलं ते सांगतो. मागच्या वर्षीची गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला तिथे अजून कामं आहेत. व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेलं धानाचं गाव. तिथे योजनेतून अख्ख्या शिवाराला मिळून एकच कुंपण झालं, आणि तारा ओढायचं काम ठेकेदाराकडून माझ्याकडे आलं. झकास काम. शिवाराला फेरा घालून तार जंगलाच्या बाजूला आली आणि नाल्यापाशी थांबली.

नाला जंगलातून येतो आणि तिथेच शिवारात शिरतो. रुंदी म्हणाल तर दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी. योजनेत लिहिलं होतं की तार शेतांच्या धुऱ्यावर ओढायची. नाला कोणाच्याच शेतात नाही. मी साहेबांना नेऊन दाखवलं. तरुण इंजिनिअर, पोरगा वाईट नव्हता.

"मला दिसतंय हो," तो म्हणाला. "पण नाला दुसऱ्या खात्याकडे आहे. त्यांना लिहिलंय. तोवर तुम्ही वीज वरून न्या आणि मशीन सुरू करा. काम जवळजवळ पूर्णच आहे."

जवळजवळ! मराठी भाषेत याच्याइतका लबाड शब्द दुसरा नसेल. मी नाल्याच्या या खांबावरून त्या खांबावर उंचावरून एक वायर टाकली. वीज वरून जाऊ लागली आणि डुकरं खालून. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. फोटोत नाला नाही.

नाल्याला लागून पहिलं वावर पंचफुलाबाईंचं. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, जिभेला धार असलेल्या बाई. नवरा बल्लारपूरकडे खाणीत ठेकेदाराच्या कामावर, सुट्टीलाच घरी येणारा. पुढे नाल्याचे काठ उभे आहेत, चढायला सोपी जागा बाईंच्याच बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत. म्हणजे पूर्वी जी डुकरं चारी बाजूंनी शिवारभर विखरून यायची आणि ज्याच्या त्याच्या वावरात थोडं थोडं खायची, ती सगळी आता एकाच वाटेने एकाच बाईच्या वावरात उतरू लागली. कागदावर गावाचं नुकसान पार कमी झालं. खरंच झालं, खोटं नाही. ते सगळ्यांचं मिळून एकटीच्या पदरात पडलं होतं. आणि डुकरांची वाट ठरली म्हटल्यावर वाघालाही ती कळली. व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर लोक जिप्सीत बसून वाघाची वाट बघतात. इथे वाघ गेटवर बसून डुकरांची वाट बघू लागला.

दसऱ्याच्या सुमारास मी बॅटरी तपासायला गेलो. धान निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. सकाळची वेळ. पंचफुलाबाई मचाणावरून उतरत होत्या, डोळे लाल. मी बांध्यांकडे पाहिलं. नाल्याकडचा धान लोळण घेतल्यासारखा जमिनीवर, चिखलात खुरांचे ठसे, आणि त्यांच्यावरून आरामात चालत गेलेला एक मोठा गोल पंजा.

"बाई, जागलीला एकट्याच?"

"मंग कोण येन? सारे झटक्याच्या भरोशावर घरी झोपून राह्यले."

इथे जागल काय असते ते सांगायला हवं. कुंपण नव्हतं तेव्हा धान निसवला की घरटी एक माणूस मचाणावर जायचं. अंधार पडला की पहिल्या मचाणावरचा हाळी द्यायचा, "होऽऽ!" पुढचा ओ द्यायचा, मग त्याच्या पुढचा. हाळी शिवाराला फेरा घालून पहिल्या मचाणावर परत यायची. नाही आली तर जिथे तुटली तिथे सगळे टेंभे घेऊन धावायचे. मी तारा ओढणारा माणूस, मला ते ऐकताना नेहमी वाटायचं की यांचं सर्किट माझ्यापेक्षा जुनं आहे, आणि त्याला बॅटरी लागत नाही. जागलीने डुकरं पूर्ण थांबत नसत. पण माणूस एकटं पडत नसे. आमचं कुंपण आलं, मचाणं ओस पडली. उरलं एकच, नाल्याकडचं.

"मी अजून हाळी देते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सवय हाये न. ओ द्यायले कोणी नाई. परवा वाघ खाली उभा होता, तवाही देली. कुत्रं भुकलं नाई गावातलं."

हे त्यांनी रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या घागर कुठे ठेवली ते सांगावं तशा बोलत होत्या. तेवढ्यात मला मचाणाखाली, पेंढ्यात खुपसलेलं काहीतरी दिसलं. ओढून काढलं. नवीकोरी वायर, टोकाला आकडा बांधलेला बांबू.

"हे काय बाई?"

"वायर."

"कशाला?"

"धुणं वाळवाले."

"वावरात?"

बाई एकदम उसळल्या. "मंग काय करू मी? तुमी तार लावली थे नाल्यापाशी संपते. साहेब म्हणते लिहिलं हाये. समितीवाले नानाजीभाऊ म्हणते थोडी कळ काढ. डुकरं काई कळ काढून नाई राह्यली! वरतून लाईन जाते, आकडा टाकते, नाला बंद करते. तुमाले नाई जमलं थे मी करते."

नाल्याचं पाणी, उघडी तार आणि डायरेक्ट लाईन. पहिली मेली असती ती स्वतः, आकडा टाकतानाच. नाहीतर पहाटे नाल्याकडे जाणारं कोणीतरी, आणि मग बाई तुरुंगात. आणि आम्ही सगळे, मी, साहेब, गाव, हळहळून म्हणालो असतो की अशिक्षित बाई, काय करणार. आमच्या अर्ध्या कामाचा उरलेला अर्धा भाग ही बाई जीव देऊन पूर्ण करणार होती आणि दोषही तिच्याच माथी बसणार होता. मला इतका संताप आला की मी ती वायर तिथेच विळ्याने तुकडे तुकडे करून टाकली. बाई ओरडल्या, "माही वायर!" मी म्हटलं, "भरून देईन. आज संध्याकाळपर्यंत थांबा."

तडक गेलो नानाजीभाऊंकडे. नानाजीभाऊ कुंपण समितीचे अध्यक्ष, मशीन त्यांच्याच गोठ्यात. माणूस हसतमुख, पोटाने मोठा, कोणाचं वाईट न चिंतणारा. अशा लोकांचा मला फार राग येतो, कारण त्यांच्यावर रागावता येत नाही. चहा सांगून ते म्हणाले, "काय भाऊ, मशीन कसं?"

मी मशीनला कान लावला. डोळे मिटले. मनगट धरावं तशी वायर दोन बोटांत धरली. गोठ्याच्या दारात चार माणसं जमली. मी खूप वेळ घेतला, आणि मग अशी मान हलवली की आमच्या नाटकात त्या मानेनंतर हमखास पडदा पडतो.

"नानाजीभाऊ, रोग मोठा आहे. पेशंट मूलला न्यावा लागेल."

आणि मी मशीन खोलून पिशवीत घातलं.

"अरे अरे! अन् वावराचं काय? धान निसवला हाये सारा! कवा आणता वापस?"

"नाल्यावर तार झाली की. तोवर त्याला आराम नाही पडायचा."

आता त्यांच्या लक्षात आलं. हसू गेलं. "भाऊ, नाटकं दिवाळीनंतर असते. आताच काऊन सुरू केलं?"

"दिवाळीपर्यंत पंचफुलाबाई राहिली पाहिजे ना बघायला!"

मग मी आवाज सोडला. माझा आवाज कसा आहे ते वर लिहिलंच आहे. गोठ्यातली गुरं उभी राहिली. मी म्हटलं, तुमच्या वावरात झटका आहे, तो कोणाच्या वावराच्या जिवावर आहे ते बघा एकदा जाऊन. तुमची सगळी डुकरं तिच्याकडे पाठवलीत आणि वरून तिची हाळीही ऐकू येत नाही तुम्हाला? गादीवरून ओ द्यायलासुद्धा जीभ उचलत नाही? ती आकडा टाकणार होती आज. टाकला असता तर तिला माती द्यायला मात्र सगळे आले असते, एकही मागे राहिला नसता!

"असं काऊन बोलता जी," कोणीतरी पुटपुटलं. "नाला आमचा थोडीच हाये. साहेबाचं काम हाये थे."

"पोळ्याला बैल धुवायला नाला तुमचा, आणि तार लावायला साहेबाचा?"

शिव्या मीही खाल्ल्या. एकाने गाडीची चावी काढून घेतली. पोलिसांत देतो म्हणाले. मी म्हटलं, द्या. पण तक्रारीत लिहावं लागेल की मशीन नाल्यावर तार नाही म्हणून नेलं, मग साहेबाला विचारतील की काम पूर्ण होतं तर नाला उघडा कसा. चावी परत मिळाली. मी गाडीला किक मारली तेव्हा नानाजीभाऊंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "खरंच आकडा टाकत होती का गा ती?"

मशीन मी दुकानात फळीवर ठेवलं. त्याला काही झालेलं नव्हतं, आराम करत होतं बिचारं. त्या संध्याकाळपासून गावात जागल सुरू झाली. हौसेने नाही, नाइलाजाने, मला शिव्या देत. मचाणं झाडली, घोंगड्या निघाल्या. दिवसा तीच माणसं नाल्यावर कामाला लागली. मी तारा आणि खांबाला तार टेकू नये म्हणून लावायच्या प्लास्टिकच्या कप्प्या घेऊन गेलो. दोन्ही काठांना सागाचे जाड वासे रोवले, मधे तार ताणली, आणि तिच्यावरून पडद्याच्या झालरीसारखे तारांचे तुकडे खाली सोडले, पाण्याला टेकणार नाहीत एवढे. पूर आला तर पाणी खालून जाईल, ओंडका आला तर तुकडे बाजूला सरतील, डुकराने मान घातली तर नाकावर बसेल. विज्ञान म्हणाल तर पाचवीतलं. माणसं म्हणाल तर सगळं गाव. जे दुसऱ्या खात्याच्या उत्तराची वाट बघत पडलं होतं ते काम दिवाळीच्या आत उरकलं, आणि धान कापायला अजून वेळ होता.

पंचफुलाबाईंचा गेलेला धान मात्र परत आला नाही. ते माझ्या मनातून जात नाही. पूर्ण झालेलं कामसुद्धा मागे जाऊन काही भरून काढत नाही. साहेब येऊन नाल्यासमोर उभं राहून फोटो काढून गेला, खुशीत. त्याच्याकडे आता "जवळजवळ" उरलं नव्हतं. पोरगा वाईट नाही म्हटलं ना मी. पण मी त्याला चहा पाजला नाही.

मशीन घेऊन गेलो तो दिवस सणासारखा. गोठ्यासमोर सगळे जमलेले, नानाजीभाऊंच्या हातात नारळ. ऊन उतरत होतं. मी मशीन खुंटीला लावलं, वायरी जोडल्या, रॉड हलवून पाहिला. पुरा रॉड होता, बैल दुसरीकडे होता. बटणाकडे हात नेला तेवढ्यात पंचफुलाबाई पुढे आल्या आणि खालच्या आवाजात, इतरांना कळू नये अशा बेताने बोलल्या.

"भाऊ, आजच चालू कराचं का?"

"म्हणजे?"

"नाई... नाल्याले तार झाली, चांगलं झालं. आता डुक्कर येत नाई, मले समजते. पण रातच्याले सारे येतात न आता. हाळी फिरते. नानाजीभाऊचा आवाज इतका फाटका हाये, मचाणावर हसू येते मले." त्यांनी मशीनकडे बोट केलं. "हे चालू झालं की सारे घरी झोपतीन. वाघ त मंगही राहीन न जंगलात. माणसाले बरं वाटते, कोणी ओ देलं त."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग गावाकडे बघितलं. सगळे माझ्या बोटाकडे बघत होते, घोंगड्या घरी टाकायला उतावीळ. मी हात बटणावरून मागे घेतला आणि मशीनला कान लावला. डोळे मिटले. दोन बोटांत वायर धरली. खूप वेळ घेतला. आणि मान हलवली.

"नानाजीभाऊ," मी म्हटलं, "आजच्या रातीचं काही खरं नाही."

नानाजीभाऊंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग पंचफुलाबाईंकडे. मग त्यांनी नारळ बगलेत मारला आणि खांद्यावरची घोंगडी सावरली.

"अन् उद्या?"

"उद्या बघू. रोग जुना आहे."